घोड्याचं रान

शिलेदार आणि बारगीर यांतला फरक सांगा, हा इतिहासाच्या पेपरातला दोन मार्कांचा प्रश्न. मी उशिरा शिकले, आणि मास्तरीण होते त्या सगळ्या वर्षांत तो फळ्यावर लिहिला आणि पोरींनी उत्तर घडाघडा म्हणून दाखवलं: ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, जो दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढतो तो बारगीर. बरोबर. दोन मार्क. पण एकीनंही कधी विचारलं नाही की बाई, घोडा मेला तर काय व्हायचं, आणि माणूस मेला तर काय व्हायचं? विचारलं असतं तर बहुतेक मी अंगावर खेकसले असते. माझा स्वभाव मुळातच तापट, आणि या विषयावर मी कधीच धड बोलू शकले नाही. आता बोलते. ज्यांचं काही बिघडायचं होतं ते सगळे मातीत गेले.

कोरेगावपासून दोन कोसांवर आमचं गाव. गावात आमच्या भावकीची तीन घरं होती: थोरलं, मधलं, धाकटं. आम्ही मधले. ओढ्याकाठी एक काळंभोर, बारमाही पाण्याचं रान होतं, त्याला घोड्याचं रान म्हणत. राज्य होतं तेव्हा ते आमच्या मूळपुरुषाला मिळालं होतं, पण फुकट नव्हे. रानातल्या चाऱ्यावर, हरभऱ्यावर एक घोडा पोसायचा आणि हाक आली की त्यावर माणूस बसवून धाडायचा. गावोगाव अशी रानं वाटलेली होती. दसरा झाला की गावागावातून असा एकेक घोडा निघायचा आणि वाटेत भेटत भेटत त्यांची फौज व्हायची. बारा महिने शिपाई बसवून खायला घालायला कुठल्या राजाला परवडत होतं? फौज आमच्या रानातच पेरलेली असायची.

राज्य बुडालं, घोडा गेला, रान राहिलं. कागदावर ते तिन्ही घरांचं सामाईक होतं. पण कसायचं कुणी, याचा नियम भावकीनं जुनाच धरून ठेवला होता. ज्या घराचा माणूस फौजेत, रान त्या घराचं. मग फौज गोऱ्या साहेबाची का असेना. माणूस मुदत पुरी करून आला तर दुसरं घर माणूस धाडीपर्यंत रान त्याच्याचकडं. लढाईत मेला तर त्याच्या बायकोच्या हयातीपर्यंत. आणि मुदतीआधी घरी आला, पळून म्हणा की आजारी पडून म्हणा, तर रान त्याच दसऱ्याला दुसऱ्या घरी जायचं. आजाऱ्याला सूट नव्हती. ज्याला चालता येत नाही त्याला घोडा कशाला, असं म्हणायचे.

हे सगळं दर दसऱ्याला भैरोबाच्या देवळापुढं हजिरीत ठरायचं. एक फाटकं खोगीर होतं, ते पारावर मांडायचे. ज्या घराचं रान त्या घरच्या शिपायाची बायको ताटात त्याचं पागोटं घेऊन पुढं यायची. बायको नसली तर आई. थोरल्या घरचा म्हातारा विचारायचा, "घोडा कुठं?" सगळी भावकी एका सुरात म्हणायची, "गेला राज्यासंगं." मग तो तीनदा विचारायचा, "माणूस कुठं?" आणि बाईनं तीनदा सांगायचं, "चाकरीवर हाय." झालं. रान आणखी एक वर्ष त्या घरचं. पुरुषानं दिलेलं उत्तर चालत नसे. पुरुष खोटं बोलंल, पण सवाशीण आपल्या कुंकवाच्या माणसाबद्दल खोटं कसं बोलंल, असा त्यामागचा हिशेब.

माझे आबा पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आले होते. उजव्या हाताची दोन बोटं तिकडंच राहिली. त्या चाकरीवर आमच्या घरानं वीस-बावीस वर्षं घोड्याचं रान खाल्लं. आबांना फौजेच्या गोष्टी सांगायची भारी हौस. शिलेदार लढाईत मागं मागं का राहायचे ते ते रंगवून सांगायचे. "आगं, घोडा मेला तर घर बसायचं. म्हणून आदी घोडा राखायचा, मग लढायचं. आन् घोडा खरंच मेला, तर त्येची शेपटी आन् डाग दिल्यालं कातडं कापून आणून दावायला लागायचं. न्हाईतर म्हनायचे, इकून आलास का रं?"

"आन् माणूस मेला तर काय दावायचं?" मी लहानपणी विचारलं होतं.

"माणसाचं काय दावायचं? घरात दुसरा असतोयच की," म्हणाले आणि हसले. मीही हसले. आई गेल्यावर मी त्यांच्याच मांडीवर वाढलेली, ते हसले की मला हसू यायचं.

दुसरी लढाई पेटली. कोरेगावच्या बाजारात भरतीवाले यायला लागले, छात्या मोजायला लागले. थोरल्या घरानं त्यांचा नातू धाडला. म्हणजे आता पुढच्या दसऱ्यापर्यंत आमचा माणूस फौजेत दिसला नाही तर रान त्यांचं; दिसला तर आहे तसं आमच्याकडंच. आमच्याकडं माणूस म्हणायचा तो एकच, माझा थोरला भाऊ. दादा तब्येतीनं खणखणीत होता, पण मनानं कच्चा. विळा लागला तर जखम बघायचा नाही, डोळे मिटून हात दुसऱ्यापुढं करायचा. आणि आबांना तो एकुलता एक. त्यांना रानही सोडायचं नव्हतं आणि पोरगाही.

आता दोन्ही कसं राखायचं? आबांनी जुनीच युक्ती काढली. शिलेदाराला स्वतःला जायचं नसलं की तो आपल्या घोड्यावर बारगीर बसवायचा. घोडा घराचा, मान घराचा, वर बसून मरायला दुसरा. फक्त बारगीर घरातला धरला जाईल असं काहीतरी करायला हवं होतं. ते काहीतरी म्हणजे मी. मला सतरावं लागलं होतं.

आटपाडीच्या पलीकडून दरसाल काही माणसं आमच्या गुऱ्हाळावर कामाला यायची. त्यात आमच्याच जातीतला, आईबाप नसलेला एक जण होता. उंच, काटक, पायात भेगा. मी त्यांचं नाव तेव्हा घेत नव्हते, आताही घेणार नाही. ते चुलवणात जळण घालायचे आणि मी जेवण घेऊन गेले की म्हणायचे, "भाकरीला हात भाजत न्हाईत व्हय तुझं? आन् हितं भाजत्यात आमचं." मी फणकाऱ्यानं म्हणायचे, "गपगुमान खावा." एवढीच आमची ओळख. आबांनी त्यांना बसवून सरळ विचारलं: पोरगी देतो, घरजावई हो, फौजेत जा, आलास की घोड्याचं रान तुम्हा दोघांचं. दादाला घरची बाकीची जमीन आहे.

ते रात्रंदिवस विचार करत बसले नाहीत. ओढ्यावर गेले, रानातली मूठभर ओली माती उचलली, दाबून तिचा गोळा करून बघितला आणि आले. मला पुढं त्यांनीच सांगितलं. "आमच्यात माती मुठीत धरली की बोटातनं निसटती गं. हितली धरली तर ऱ्हाती." त्यांच्या गावात पाण्याची घागरसुद्धा वाटणीला यायची. अशा माणसाला दुसरं काय पाहिजे होतं? दगडाला पाझर फुटावा तसं त्यांचं तोंड झालं होतं म्हणे.

भावकीत बोंब झालीच. थोरल्या घरचा म्हातारा म्हणाला, "जावय काय घरचा माणूस व्हतोय?" आबा म्हणाले, "घोडा कुनाचा ते बगायचं, वर कोन बसलंय ते न्हाई. तुमच्या आज्यानं येकदा शेजारच्या गावचा बारगीर धाडला हुता, इसरला व्हय?" म्हाताऱ्याला ते कबूल करावं लागलं. खरंच धाडला होता.

लग्नानंतर बावीस दिवस ते घरी होते. त्या बावीस दिवसांचं मी इथं लिहिणार नाही. मला नवरा आवडला, एवढं पुरे. रानाची किंमत म्हणून लग्न लावलं होतं, आणि आवडला मेला! त्या दसऱ्याला मी ताट घेऊन उभी राहिले आणि "चाकरीवर हाय" असं तीनदा इतक्या ठसक्यात म्हणाले की बायका पदराआड हसल्या. ते उत्तर खरं होतं. "चाकरीवर हाय" हे मी खरं असं तेवढंच एकदा म्हणाले.

दुसऱ्या वर्षी घट बसले त्या दुपारी मी घोड्याच्या रानात एकटीच भांगलत होते. नऊ दिवसांचा उपास, पायात काही नाही. बांधावर माणूस उभा दिसला. मला वाटलं भिकारी. खाकी कपडा अंगावर लोंबत होता, चेहरा हळदीसारखा पिवळा, पोट तेवढं पुढं आलेलं. "वळखलं न्हाईस व्हय?" म्हणाले, आणि तिथंच मटकन बसले.

ब्रह्मदेशाच्या जंगलात ताप लागला होता. चार महिने चिखलात, मग दवाखान्यात, मग तिथल्या डॉक्टरनं कागदावर अनफिट लिहून घरी सोडलं. कोरेगाव स्टेशनापासून आडवाटेनं चालत आले होते. वाटेत कुणी भेटलं नव्हतं. मी त्यांना धरून पागेत नेलं. पागा म्हणजे रानाच्या कडेला, लिंबाखाली, जुन्या घोड्याचा दगडी गोठा. आता तिथं कडबा भरलेला असायचा. गव्हाणीत कडबा पसरून मी त्यांना निजवलं आणि आनंदानं धावत घरी गेले. आबांना सांगितलं. आबांचं तोंड पडलं.

"कुनी बगितलं का?" हा त्यांचा पहिला शब्द.

"न्हाई. आवं, पर गाडी जुपा की. साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायला पायजे. अंग नुसतं पेटलंय."

आबा पागेत आले. जावयाच्या अंगाला हात लावला नाही. आधी कागद मागितला, वाचून घेतला, आणि घडी करून खिशात ठेवला. मग आमच्या दोघांपुढं उकिडवे बसले आणि समजावून सांगायला लागले, अगदी मायेनं. दसरा नवव्या दिवसावर आहे. आज गाडीत घालून नेलं तर गाव बघणार. आजारी होऊन मुदतीआधी आला म्हणजे रान थोरल्या घरी गेलं, आणि यांनी वर्षभर रक्त आटवलं ते पाण्यात गेलं. एवढी हजिरी पार पडू दे. हजिरीच्या दिवशी माणूस चाकरीवर होता म्हणून बाईनं सांगितलं की वर्षाची निश्चिंती. मग देवळातनं तशीच गाडी आणतो आणि साताऱ्याला नेतो. पुढं वर्षभरात काहीतरी वाट काढू. "रान माजं न्हाई पोरी. तुमच्या दोगांचंच हाय," म्हणाले.

मी यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "आठ-नऊ दिसांचं काय एवढं? म्या चार म्हैनं काडल्यात." आणि बाहेरच्या उसाकडं बघत राहिले.

तेव्हा आमच्या भागात कडब्यात लपलेला माणूस ही काही नवलाची गोष्ट नव्हती. बेचाळीसपासून गावोगाव लोक लपत होते आणि गावं त्यांना भाकरी पोचवत होती. पण ते सरकारपासून लपायचे. आमचा माणूस सरकारनं सोडलेला होता, तो भावकीपासून लपला.

दादा वैरणीचं निमित्त करून दुपारचं जेवण न्यायचा, मी सकाळ-संध्याकाळ जायचे. पहिले तीन दिवस ते बोलत होते. रानात काय काय लावायचं ते सांगत होते. विहिरीची जागासुद्धा धरून ठेवली होती. चौथ्या दिवसापासून भाकरी तशीच परत यायला लागली. थंडी भरून आली की गव्हाणीचे दगड हलतील असं अंग उडायचं. मी काढे केले, घडोघडी घाम पुसला, देवीला काय काय बोलले. कोरेगावच्या डॉक्टरला आणा म्हणून आबांच्या पाया पडले. "डाक्टर आला म्हंजी सगळा बाजार आला," म्हणाले. खोटं नव्हतं ते. आणि मी? माझे पाय धड होते. दोन कोस चालून मी स्वतः डॉक्टरला आणू शकत होते. कुणी मला बांधून घातलं नव्हतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं कितीतरी वर्षं मी सगळं आबांच्या नावावर टाकत राहिले. मलाही रान पाहिजे होतं. त्या मातीचा गोळा माझ्याही मुठीत बसला होता.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेले तेव्हा ते शुद्धीवर होते. माझं मनगट धरलं. हाताला जोर असा नव्हताच. "मला दवाखान्यात ने गं," म्हणाले. "नगं मला रान. खरंच नगं. आटपाडीला जाऊ आपुन."

मी म्हणाले, "उद्या. उद्या हजिरी झाली की लगीच."

"आत्ता ने."

"उद्या, म्हनलं न्हवं?" मी जरा रागावूनच म्हणाले. इतके दिवस काढले आणि आता एका रात्रीसाठी घालवतोय हा माणूस, असं मला वाटलं. वाटलं ते वाटलं. त्यांनी मनगट सोडलं. गळ्यात फौजेचा बिल्ला होता, तो काढून माझ्या हातात दिला. "ह्यो टोचतोय," म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी मला पागेत जायचं होतं. आबा म्हणाले, "दादा जाऊन आलाय. बरं हाय त्येला, झोप लागलीया. उठवू नगंस. तू ताट कर." मी न्हाले, नवं लुगडं नेसले, ठसठशीत कुंकू लावलं, पागोट्याचं ताट घेतलं. देवळापुढं भावकी जमलेली. बैलांना झुली घातलेल्या. खोगीर मांडलेलं. माझं सगळं लक्ष आमच्या गाडीकडं होतं. आबांनी ती खरंच देवळामागं आणून उभी केली होती. म्हणून मला धीर होता.

"घोडा कुठं?"

"गेला राज्यासंगं."

"माणूस कुठं?"

"चाकरीवर हाय."

तीनदा म्हणाले. आवाज तसूभर हलला नाही. थोरल्या घरचा म्हातारा खूश झाला, "पोरगी खरी शिलेदाराची," म्हणाला, आणि पहिलं आपट्याचं पान माझ्या हातात दिलं. मी आबांकडं बघितलं, चला म्हणून. आबा सगळ्यांना सोनं वाटत राहिले. सावकाश, एकेकाला मिठी मारून. मी तिथून सुटले ती अनवाणी धावतच रानात गेले.

दादा पागेबाहेर दगडावर बसला होता, पाठ दाराकडं करून. मला बघून उभा राहिला.

"गाडी येतीया मागनं. उठीव त्यास्नी," मी म्हणाले.

तो डोळे मिटूनच बोलला. "गेलाय त्यो. सकाळीच. म्या आलो तवाच गार हुता."

"आबास्नी ठावं हाय?"

"व्हय."

म्हणजे मी न्हात होते तेव्हा त्यांना माहीत होतं. मी कुंकू लावत होते तेव्हा माहीत होतं. माझ्यासाठी म्हणून देवळामागं रिकामी गाडी उभी केली, कारण गाडी दिसली नसती तर माझा आवाज हलला असता. माझ्या बापानं मेलेल्या माणसाच्या बायकोकडनं तीनदा वदवून घेतलं. मी आत गेले. गव्हाणीत ते कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. तोंडावर मुंग्या लागल्या होत्या. माझ्या मुठीत आपट्याचं पान तसंच होतं. मी मुंग्या पुसल्या आणि मग माझा आवाज फुटला, तर दादानं माझ्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. "आगं, ओढ्यावर बाया हायत," म्हणाला. तोही रडत होता. रडत रडत बोळा कोंबत होता.

जाळलंसुद्धा नाही त्यांना. धूर दिसला असता. सगळं गाव सीमोल्लंघनाला गेलं तेव्हा आबा आणि दादानं लिंबाखाली खड्डा केला. फौजेचा कागद आबांनी चुलीत घातला. घोडा मेला तर शेपटी कापून आणायची, आणि माणूस मेला तर त्याचा कागद जाळायचा. बिल्ला माझ्याकडं आहे हे त्यांना माहीत नव्हतं. मी तो ज्वारीच्या कणगीत टाकला.

त्यानंतर मी चार वर्षं सवाशीण होते. हिरव्या बांगड्या, कुंकू, हळदीकुंकवाचं बोलावणं, सगळं. बायका ओटी भरायच्या. मी माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं वडाला फेऱ्या घातल्या. पुढच्या दसऱ्याला आबा म्हणाले, लढाई संपली खरी पण पलटण अजून ब्रह्मदेशातच आहे. त्याच्या पुढच्या दसऱ्याला पलटण जपानात होती. स्वातंत्र्य आलं त्या दसऱ्याला पंजाबात. थोरल्या घरचा नातू तोवर परत आला होता. तो डोळे बारीक करून बघायचा, पण सवाशीण ताट घेऊन उभी असताना विचारणार कोण? "माणूस कुठं?" "चाकरीवर हाय." सरावानं काय होत नाही! एकदा तर उत्तर देता देता मी मनात संध्याकाळच्या कालवणाचा विचार करत होते.

का बोलले नाही? विचारा, खुशाल विचारा. बोलले असते तर बाप आणि भाऊ गावातनं उठले असते. आणि मी विधवा झाले असते. तुम्ही त्या काळची पांढऱ्या कपाळाची बाई बघितली असती तर विचारलं नसतं. शिवाय रोज लिंबाखाली जाऊन बसता येत होतं. रान आमच्याकडं होतं म्हणून तो लिंब आमच्याकडं होता. मी पागेपुढचा तेवढा तुकडा कधी नांगरू दिला नाही. तिथं एक तुळस लावली होती.

दादाचं लग्न झालं. त्याचा जीव उसात रमला. पाचव्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात, जेवता जेवता तो आबांना म्हणाला, "त्यो लिंब काडून टाकतो औंदा. सावलीनं तीन-चार सऱ्या वाया जात्यात. पागापन पाडू. तेवडाच ऊस वाडंल."

मी भाकरी थापत होते. हात थांबला. "दादा, तेवडी जागा ऱ्हाऊ दे."

"का? तितं काय हाय?"

कावेबाजपणानं नाही विचारलं त्यानं. खरंच विसरला होता. घास हातात घेऊन माझ्याकडं बघत होता, आणि मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं मान खाली घातली. आबा म्हणाले, "जुन्या गोष्टी कशापायी उकरायच्या? काडू दे लिंब. हां, आन् औंदा पलटण काश्मीरात हाय म्हणायचं. ध्यानात ठेव."

मी भाकरी तव्यावर टाकून उठले. कणगीत हात घालून बिल्ला शोधून काढला. दाण्यात घासून घासून साफ झाला होता.

दसऱ्याला ताट घेऊन उभी राहिले. पागोटं, आणि पागोट्याखाली बिल्ला. आबा पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. थोरल्या घरचा म्हातारा आता वाकला होता, पण आवाज खणखणीत.

"घोडा कुठं?"

"गेला राज्यासंगं," सगळे म्हणाले.

"माणूस कुठं?"

"घोड्याच्या रानात हाय," मी म्हणाले. "लिंबाखाली. आजारी हून घरी आल्यालं. पागेत लपीवलं आमी. खनून बगा." आणि पागोटं बाजूला करून बिल्ला ताटात उघडा केला.

 म्हातारा पुढं आला. त्यानं बिल्ला उचलला, उलटासुलटा करून बघितला, नातवाकडं दिला. नातवानं मान हलवली, खरा आहे म्हणून. म्हाताऱ्याचे डोळे भरून आलेसे मला वाटले. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं, "कवा गेला गं पोरी?"

चार वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. माझा बांध फुटला. "जपानची लढाई चालू हुती तवा. दसऱ्याच्या दिशीच, सकाळी."

"म्हंजी त्या दसऱ्यापास्नं चार दसरं," म्हातारा आबांकडं वळून म्हणाला, "रान आमचं हुतं."

आबांनी काठीवरची हनुवटी उचलली. मला वाटलं आता माझ्या अंगावर येतील. पण ते माझ्याकडं बघतच नव्हते. दोन बोटं नसलेला हात त्यांनी म्हाताऱ्यापुढं नाचवला.

"तीन! पयल्या हजिरीला त्यो घरी आलाच नव्हता. हजिरी झाल्यावर आला, मग मेला."

"पोरगी म्हनतीया सकाळी."

"पोरीला काय कळतंय? इचारा माज्या पोराला."

दादानं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "हजिरीनंतरच."

मग धाकटं घरही वादात पडलं. चार की तीन, ऊस कुणाचा, खोडवा कुणाचा, उभं पीक कुणी तोडायचं. बिल्ला या हातातनं त्या हातात जात होता. मी ताट खोगिरावर ठेवलं आणि पदराच्या टोकानं कपाळावरचं कुंकू पुसून काढलं. कुणी वर बघितलं नाही.